मापाड्याचा हात

फोन आला तेव्हा सून बाजारात बटाट्याच्या ढिगाशी उकिडवी बसली होती. हिरवा पडलेला एकीकडे, कुदळीनं कापलेला एकीकडे, बारका टोपलीत, चांगला पोत्यात. यंदा उन्हानं फार घाई केली होती. रानातून काढलेला माल तीन दिवसांत निवडून झाकला नाही तर आतून सडायला लागायचा, आणि सडक्या बटाट्याचा वास एकदा नाकात बसला की जेवणातही तोच येतो. तिनं मातीचे हात मांडीला पुसले आणि फोन कानाला लावला.

पलीकडून ग्रॅमबाई बोलत होती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ती आजारी पोरांचं खाणंपिणं ठरवून द्यायची. तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण ग्रॅम हा शब्द आल्याशिवाय तिचं एकही वाक्य पुरं होत नसे. म्हणून घरात ती ग्रॅमबाई झाली होती.

"रक्ताचा आकडा पाचशे वीस आलाय," ग्रॅमबाई म्हणाली. "मागच्या वेळी चारशे दहा होता. तीनशेच्या आत हवा. भात आपण चाळीस ग्रॅमवरून तीसवर आणला ना?"

"आणला."

"आणि तरी वाढला." बाई जरा थांबली. "रागावू नका, पण घरात दुसरं कुणी काही देतं का त्याला? दूध, बिस्किट, अंड्याचा एखादा घास? वाईट मनानं नाही देत कुणी, मायेनंच देतात. जरा लक्ष ठेवा."

सुनेनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या ढिगावरच्या बायका निवडता निवडता कान टवकारून होत्या.

"आठ दिवसांनी रक्त पाठवा," ग्रॅमबाई म्हणाली. "तेव्हाही खाली आला नाही तर त्याचं वरचं खाणं बंद करून इथं भरती करावं लागेल. हा आकडा असाच चढत राहिला तर मेंदूवर जातो. पोर बसायला मागं पडतं, बोलायला मागं पडतं. आणि जे गेलं ते परत येत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

फोन बंद झाला. सुनेनं पुढचे चार बटाटे हिरवे असूनही चांगल्या पोत्यात टाकले, मग भानावर येऊन परत काढले.

पोर आठ महिन्यांचं होतं. जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं तेव्हाच कळलं होतं, की प्रथिनातला एक भाग ह्याला पचत नाही, तो रक्तात साचतो. दूध, अंडी, डाळ, मांस, सगळ्याला आयुष्यभर फाटा. पोट भरायला दवाखान्याचा डबा, त्यातली वेगळी पावडर. अंगावरचं दूध घड्याळ लावून, सकाळ-संध्याकाळ. आणि आता दात हुळहुळायला लागल्यावर उकडलेला बटाटा आणि मऊ भात, तोही तोलून. आजोबा त्याला पासंग म्हणायचे. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला एक खडा बांधतात, तो पासंग. "आमच्या घराचा तोल ह्याच्यामुळं आलाय," असं ते आल्यागेल्याला सांगत. पासंग गुटगुटीत होता, खिदळायचा, समोर दिसेल त्यावर झडप घालायचा. त्याला काही झालंय हे बघणाऱ्याला खरं वाटत नसे. कधी कधी सुनेलाही वाटत नसे, आणि त्याचीच तिला भीती होती.

तर मग देतंय कोण?

हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि तिथंच पथारी पसरून बसला. घरात माणसं चार. नवरा बाजारात हमाली करायचा, पहाटे जायचा आणि आल्यावर पोराला एका हातावर झोका देता देता स्वतःच पेंगायचा. सासरे त्याच बाजारात मापाडी. राहिली सासू. गुडघे धरल्यापासून सासू घरीच असे, आणि दिवसभर पोर तिच्याजवळ. शिवाय पहिल्या दिवसापासून तिचं तुणतुणं एकच. "एवढ्याशा बटाट्यानं काय होतंय? माझी पोरं ह्या वयात ताटातलं ओढून खायची. पोर उपाशी राहतंय गं."

पोर उपाशी राहतंय! हे वाक्य आठवलं आणि सुनेच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं हात धुतले नाहीत, आधी पोराचं तोंड हुंगलं. बटाट्याचा वास होता. तो तर असणारच. मग वाटी पाहिली, चमचा पाहिला, पाळण्यातली चादर झटकली. सासू चुलीशी बसून बघत होती.

"काय हरवलं?"

"काही नाही."

"नाही कसं? घर उलटंपालटं केलंस."

"आकडा वाढलाय, आई. पाचशे वीस."

सासूनं कपाळाला हात लावला. "म्हणजे अजून कमी खायला घालायचं?"

सुनेला ते ऐकून चीड आली. ही आधी खाण्याचं बोलली, पोराचं नाही. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी तिनं दुधाच्या भांड्यावर बाहेरून पेन्सिलनं बारीक रेघ ओढली. टोपलीतली अंडी मोजली, सात. बिस्किटांचा पुडा घडी घालून त्यावर उलटी वाटी ठेवली. चोरपावलांनी केलेली ही कामं करताना तिची तिलाच लाज वाटली, पण हात थांबले नाहीत.

बाजारात त्या दिवशी माल तुडुंब होता. छपराखाली जागा नाही म्हणून ढीग उन्हातच, आणि त्यावर पोती टाकलेली. सासऱ्यांच्या तराजूपुढं रांग होती. इतर मापाडी रिकामे बसले तरी ह्यांच्यापुढं रांग असायचीच. त्यांची पद्धतच तशी. पारड्यात बटाटे पडत, काटा डुलत डुलत मधोमध उभा राही, आणि तेवढ्यात म्हातारा शेजारच्या ढिगातला आणखी एक बटाटा उचलून वर ठेवी. पारडं घेणाऱ्याच्या बाजूला खाली जाई. मग पारडं सोडायचं. चाळीस वर्षं हेच. घेणारा खूश व्हायचा, आणि विकणाराही फार कुरकुर करत नसे, कारण गिऱ्हाईक ह्याच तराजूकडं धावायचं.

"म्हाताऱ्या, तुझ्या तराजूलासुद्धा दया येते बघ," एक गिऱ्हाईक पोतं उचलता उचलता म्हणालं.

"काट्यावर काटा ठेवून देणारा माणूस मनानं कोता," म्हातारा म्हणाला. "उचल आता, मागं लोक आहेत."

सुनेला सासऱ्यांचा अभिमान होता. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी दुसरी कसलीच चौकशी केली नव्हती. मापाड्याचं घर आहे म्हटल्यावर ते हो म्हणाले होते.

दुपारी तिनं मुकादमाला पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरची वाट धरली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. दाराशी तिनं चपला हातात घेतल्या. स्वतःच्याच घरात ती चोरासारखी शिरली.

आत सासू जमिनीवर बसली होती, मांडीवर पोर. सासूचं बोट पोराच्या तोंडात होतं आणि पोर ते चोखत होतं, डोळे मिटून, मन लावून.

"काय देताय त्याला?"

सासू दचकली. पोरानं बोट सोडलं आणि भोकाड पसरलं.

"हात दाखवा," सून म्हणाली.

"अगं..."

"दाखवा, आई."

सासूनं उजवा हात पुढं केला. सुनेनं तो मनगटाशी धरला आणि बोटं नाकाशी नेली. एक एक करून. साबणाचा वास आला, आणि खाली जुन्या कातडीचा. दुसरं काही नाही. तिनं डावाही हात घेतला. तोही तसाच.

सासू बघत होती. सुनेनं हात सोडले तेव्हा म्हणाली, "झालं? आता तोंड उघडू? तिथं बघतेस?"

सून दोन पावलं मागं सरली.

"दात शिवशिवतात त्याचे, म्हणून बोट देते. रिकामं बोट. धुऊन. कोपरापर्यंत धुते मी, विचार आजूबाजूला. चार महिने झाले, मी पोरासमोर घास खाल्लेला नाही. तो बघतो, हात पसरतो, म्हणून मी दाराआड उभ्यानं जेवते. गुडघे असे असताना. तुला कधी दिसलं?" तिचा आवाज चिरकला. "आणि त्या भांड्यावर रेघ मारून गेलीस! मला काय दिसत नाही? घरात चोर पाळलाय का तुम्ही?"

"मग आकडा कसा वाढतो?"

"मला काय विचारतेस? अंगावर तू पाजतेस. किती पाजतेस ते तुझं तुला ठाऊक. त्याला मोजमाप आहे का?"

सुनेला तोंडात मारल्यासारखं झालं. ती घड्याळ लावून पाजायची हे खरं, पण दोनदा-तीनदा पोर सोडेना म्हणून मिनिटभर जास्त ठेवलं होतं, हेही खरं. हे कुणाला कळलं होतं? तिला वाटलं, ही आपल्यावर नजर ठेवते. म्हणजे दोघीही एकमेकींच्या मागावर होत्या, आणि मध्ये पोर रडत होतं.

संध्याकाळी नवरा आला. खांद्यावर पोत्यांचे वळ, मानेवर मातीचं पाणी. दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली. त्यानं दोघींचं ऐकलं आणि तिसरंच बोलला.

"डबाच बनावट असेल. हल्ली डब्यात काय भरतात कुणाला ठाऊक?"

"डबा दवाखान्याचा आहे."

"मग दवाखानाच चुकत असेल. आकडा दुसऱ्याच पोराचा असेल."

म्हणजे प्रत्येकाला दोष द्यायला कुणी ना कुणी सापडला होता. सासरे मात्र एका बाजूला पाय चोळत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पोराच्या तिन्ही वाट्या मी सकाळीच तोलून ठेवतो, त्यात तीळभर चूक नाही. पुढं काय होतं ते तुम्ही बघा."

त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. दवाखान्यानं एक छोटा बॅटरीवरचा काटा दिला होता. पहिल्या आठवड्यात सुनेनं तो खडबडीत फरशीवर ठेवला, तेव्हा आकडे थयथय नाचत होते. चाळीस, अडतीस, एकेचाळीस. "ह्या डबीचा काय भरवसा?" म्हणून सासऱ्यांनी बियाणं तोलायचा आपला लहान तराजू आणि पितळी वजनं काढली. सुनेलाच हायसं वाटलं होतं. तिनंच ती डबी फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली होती.

रक्ताला सहा दिवस राहिले. सुनेनं ठरवलं, उद्या कामावर जायचं नाही. पोर उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्यापासून हात-दीड हातावर बसायचं. कोण काय देतं ते समोरच दिसेल. मुकादमानं परत घेतलं नाही तर नाही. तिनं हे घरात मोठ्यानं सांगितलं, आणि सांगताना सासूकडं पाहिलं.

"बस की," सासू म्हणाली. "मी पण बसते तुझ्याशेजारी."

सकाळी दोघी भिंतीला टेकून बसल्या. नवरा कामावर गेला होता. इतर दिवशी ह्या वेळी सून नळावर पाण्याच्या रांगेत असायची. सासरे काय करतात ते तिनं गेल्या दोन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी अंघोळ करून तराजू खिळ्याला अडकवला, पारडी पुसली. एका पारड्यात वीस-वीसची दोन पितळी वजनं. दुसऱ्यात त्यांनी उकडलेला, कुस्करलेला बटाटा चमच्यानं घातला. थोडा घातला, थोडा काढला. काटा डुलला, थांबला, अगदी मधोमध. सुनेला बरं वाटलं. असं तोलणारा माणूस घरात आहे.

मग सासऱ्यांनी चमच्यानं आणखी एक गोळा उचलला आणि पारड्यात ठेवला. पारडं खाली गेलं. त्यांनी ते वाटीत उलटं केलं.

सुनेला आधी काही वाटलंच नाही. इतक्यांदा पाहिलेलं होतं. सासऱ्यांनी भात घ्यायला हात पुढं केला, तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं.

"बाबा, ते काय घातलंत?"

"काय?"

"काटा थांबल्यावर घातलंत ते."

"कुठं काय घातलं?"

"चमचाभर बटाटा. आत्ता."

सासरे तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. खरोखरच काही कळलं नाही असं ते तोंड होतं. "मी? काटा थांबला, वाटीत टाकलं. झालं."

सून उठली, फळीवरची डबी काढली, फडकं सोडलं. फरशीवर पाट ठेवला, पाटावर डबी, आणि पाट हलू नये म्हणून त्यावर एक पाय दाबून धरला. तसलीच रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मग बटाट्याची ठेवली.

एकोणपन्नास.

"खोटं दाखवते ती," सासरे म्हणाले.

सुनेनं वाटी काढली, आकडा परत शून्यावर आणला आणि त्यांची दोन पितळी वजनं ठेवली. चाळीस. एकही आकडा इकडंतिकडं झाला नाही.

बाहेर कुणाच्या तरी बादलीचा आवाज झाला. सासऱ्यांनी वजनं उचलून डोळ्यांजवळ नेली, कडा चाचपल्या, परत ठेवली. चाळीस.

"भात तोला," सून म्हणाली.

"नको गं," सासू पुटपुटली.

"तोला, बाबा."

त्यांनी तीस ग्रॅमचा भात तोलला. ह्या वेळी तिघंही त्यांच्या हाताकडं बघत होते, ते स्वतःसुद्धा. काटा थांबला. हात थांबला. आणि मग बोटं आपणहून वाटीकडं गेली, चिमूटभर भात उचलला आणि पारड्यात टाकला. टाकल्यावर ते दिसलं त्यांना. त्यांनी हात झटकला, चटका बसल्यागत.

"परत," ते म्हणाले. परत तोललं. परत हात गेला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. काटा समेवर उभा होता. पारडं सोडायला त्यांना जीव होत नव्हता.

"असं कसं देऊ?" ते म्हणाले. "काट्यावर काटा? पोराला? परक्याला नाही दिलं मी असं कधी."

"त्याला जास्त दिलं की बाधतं, बाबा."

"कळतं मला. कळतं गं." त्यांनी वजनं काढून ठेवली. "सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वाट्या मीच तोलल्या. म्हणजे मीच घातलं विष त्याला."

सुनेला त्यांची कीव आली आणि त्याच वेळी इतका संताप आला की तिला तिथं उभं राहवेना. दोन महिने. दिवसाला तीन वाट्या. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबलो तो एकच माणूस तपासायचा राहिला होता, आणि ती दुधाच्या भांड्यावर रेघा मारत फिरत होती. तिनं तो संताप गिळला. सासरे उठले, टोपी घातली आणि बाजारात न जाता मागच्या अंगणात जाऊन बसले, दोन्ही हात काखेत घालून.

पोर उठलं. भूक लागल्यावर ते रडत नसे, आधी चमच्याकडं हात करी. त्यानं तसा हात केला.

आता तोलायचं कोणी? सुनेनं डबीकडं पाहिलं. मग डबी उचलून सासूच्या मांडीजवळ ठेवली.

"आई, तुम्ही तोला. रोज."

"मी?" सासू हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "अशी कशी विश्वास ठेवतेस?"

"माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. त्यात काय एवढं?" एवढं म्हणून सासूनं तोंड फिरवलं आणि नाक ओढलं. मग वाटी पुढं घेतली. डोळे बारीक करून आकडे बघत तिनं बटाटा घातला. त्रेचाळीस झाले. सुरीच्या टोकानं थोडा काढला. एकेचाळीस. आणखी कणभर काढला. चाळीस. काढलेला बटाटा तिनं लगेच स्वतःच्या तोंडात टाकला, मागं उरायलाच नको म्हणून.

सहाव्या दिवशी सुनेनं पोराच्या टाचेला सुई टोचली, कागदावरच्या चार गोलांत चार थेंब घेतले आणि पाकीट टपालात टाकलं. त्या सहा दिवसांत पोर प्रत्येक वाटीनंतर रडलं. वाटी चाटायचं, चमचा चावायचं, आणि मग आजोबांकडं हात करायचं, कारण त्याला वाढणारं माणूस ठाऊक होतं. आजोबा उठून अंगणात जायचे. बाजारात ते अजूनही पारडं झुकवतच होते. तिथं ते करू द्यायलाच हवं होतं, नाहीतर माणूस मोडला असता.

ग्रॅमबाईचा फोन आला तेव्हा सगळे घरात होते.

"तीनशे पंचवीस," बाई म्हणाली. "छान उतरलाय. अजून एका आठवड्यात तीनशेच्या आत येईल. भरतीची गरज नाही. काय केलंत तुम्ही?"

सुनेनं अंगणाच्या दाराकडं पाहिलं. सासरे चौकटीत उभे होते, ऐकत. "वजनकाटा बदलला," ती म्हणाली.

नवऱ्यानं पोराला उचलून छताकडं उडवलं. सासूनं डोळे पुसले आणि दुपारची वाटी तोलायला बसली. सुनेला तिच्याविषयी एकदम भरून आलं. इतके दिवस ती प्रत्येक वाटीला सासूच्या खांद्यावरून डोकावत होती. एकदाही चुकली नव्हती म्हातारी. आता हे पुरे, असं तिला वाटलं. ती मुद्दाम पाठ करून उभी राहिली.

"आई, आजपासून मी बघणार नाही. तुम्ही तोलाल ते बरोबर."

सासूचा चमचा थांबला.

"बघायचं," ती म्हणाली. "इकडं ये."

"अहो, माझा विश्वास आहे आता."

"विश्वासाचं सांगू नकोस मला. ह्यांच्या हाताकडं चाळीस वर्षं कुणी बघितलं नाही. सगळ्यांचा विश्वास होता." सासूनं डबी वळवून आकडे सुनेकडं केले. "ये, बघ. तू पाजशील तेव्हा मी बघीन."

सून वळली, सासूशेजारी खाली बसली आणि वाकून आकडा वाचला.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "एक जास्त आहे."

सासूनं सुरी उचलली.